सावेडीच्या घराचं दार

मेरीबाई चर्चमधून परतल्या तेव्हा घरातली एकच वस्तू जागेवर नव्हती. पुढचं दार.

उन्हाची छत्री मिटता मिटता त्या फाटकातच थांबल्या. व्हरांडा होता. व्हरांड्यातली वेताची खुर्ची होती, खुर्चीवर त्यांनी विणलेली उशी होती. चौकटसुद्धा होती. पण चौकटीतून बैठकीची खोली सताड दिसत होती. भिंतीवर यजमानांची, शांतवन गुरुजींची तसबीर, टेबलावर किल्लीचं घड्याळ, कपाटात चिनी मातीच्या बश्या, सगळं जागच्या जागी. आणि मधोमध एक शेळी उभी राहून रविवारच्या शाळेतल्या मुलांनी कातरलेल्या रंगीत पताका सावकाश खात होती.

"येशू प्रभू," मेरीबाई म्हणाल्या. चोर भांडी नेतो, घड्याळ नेतो. दार नेऊन घड्याळ ठेवणारा हा कुठला चोर?

मग त्यांना कडुनिंबाखाली बसलेले दोघे दिसले. एकाच्या डोक्याला लाल फेटा, दुसऱ्याच्या पुढ्यात सुताराची पेटी. दोघांच्या मध्ये, पाहुण्यांना जाजम अंथरावं तसं, त्यांचं दार आडवं पडलं होतं आणि दारावर हुरड्याचं गाठोडं ठेवलं होतं.

फेटेवाले लगबगीनं उठले. "राम राम बाई. या. बसा."

आपल्याच अंगणात पाहुण्या झालेल्या मेरीबाईंनी डोळे बारीक केले. "तुम्ही कानिफनाथांचे बंधू का?"

"व्हय, थोरला. कारभारी. आन ह्यो सहादेव, आमच्या गावचा सुतार. लाकूड बगायला आनलाय. वाळवी-बिळवी न्हाई ना, म्हनून."

"दार सागवानी आहे. आमच्या गुरुजींनी स्वतःच्या हातानं केलेलं."

"लई जड हाय," सहादेवनं मनापासून दाद दिली.

"हो, पण ते काढलंत कशाला?"

कारभाऱ्यांनी सहादेवकडं पाहिलं. सहादेवनं शेळीकडं पाहिलं. "आधी शेरडू काढतो," असं म्हणून तो उठून आत गेला.

तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला.

टांग्यातल्या चौघांपैकी दार नसल्याचं सगळ्यांत आधी कानिफच्या बायकोला, रतनला दिसलं, कारण ती दुसरं काही पाहतच नव्हती. मांडीवरचं शिऱ्याचं पातेलं तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

सावेडीला अजून कुणी शहर म्हणत नव्हतं. मनमाडचा रस्ता सोडून आत वळलं की बाभळी, मळे, विहिरीवरच्या इंजिनाची टकटक, आणि मधेमधे तारेचं कुंपण घातलेले प्लॉट. त्यांतल्या काहींवर बंगले उठलेले. लढाई संपून महिना होत आला तरी इथल्या खिडक्यांच्या काचांवरचे ब्लॅकआउटचे काळे कागद कुणी काढले नव्हते, इतकं इथं सगळं निवांत. दुपारी बुलबुलांचा तेवढा आवाज. पाटबंधारे खात्यात कारकून असलेल्या कानिफला मेरीबाईंची विहीर आवडली होती, चिकूची दोन झाडं आवडली होती, कुंपणाची मेंदी आवडली होती. रतनला आवडलं होतं ते दार. आतून पितळी कडी, बाहेरून दारातच बसवलेलं कुलूप. पहिल्या खेपेला मेरीबाई चहा करायला आत गेल्या तेव्हा तिनं ती कडी एकदा हळूच लावून पाहिली होती, आणि लगेच काढली होती.

हे हसण्यासारखं वाटेल. पण रतन राहात्याची. दारं असलेल्या घरात वाढलेली. लग्न होऊन ती शिंगणापुरात आली. तिथं घराला चौकट असते, दार नसतं. देव उघड्यावर उभा, त्यालाच छप्पर नाही. तो गाव राखतो म्हटल्यावर माणसानं दार लावून त्याच्या राखणीवर संशय कशाला घ्यायचा? पहिल्या रात्री नवऱ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य होतं, "दार कुठंय?" कानिफ म्हणाला होता, "पडदा आहे की." पडदा म्हणजे सासूचं जुनं लुगडं. कपडे बदलताना त्याच्याआड, नहाणीत त्याच्याआड, बाळंतीण झाली तेव्हाही त्याच्याआड. आणि बाहेर ओट्यावर थोरले दीर, कारभारी, पडद्याकडं पाठ करून सदा बसलेले. "ह्यांना दुसरं काम नाही का?" ती नवऱ्याला विचारायची. कानिफला तरी कुठं ठाऊक होतं?

मग नोकरीमुळं नगरला आले, माळीवाड्यात खोली घेतली. तिला दार होतं. पण घरमालकाची सायकल त्याच खोलीत उभी राहायची आणि दुसरी किल्ली त्याच्याकडं असायची. सायकल काढायला तो कधीही यायचा, खोकल्याशिवाय.

लग्नाला बारा वर्षं झाली. आणि आज या घराचा विसार द्यायचा होता. पैसा एकत्र घरातल्या उसाचा, त्यामुळं विसार थोरल्या भावानं द्यायचा, आणि सासूनं हो म्हटल्याशिवाय थोरल्या भावाचा हात खिशात जायचा नाही. म्हणून कारभारी सकाळच्या एसटीनं आले, मेरीबाईंनी कानिफकडं देऊन ठेवलेली जादा किल्ली घेतली आणि "बाया येईस्तोवर लाकूड बगून ठिवतो" म्हणत सुताराला घेऊन पुढं आले होते.

"दादा, हे काय?" कानिफ टांग्यातून उतरता उतरता ओरडला.

कारभारी उत्तर देणार तेवढ्यात टांग्यातून राहीबाई उतरल्या. या दोघा भावांची आई. काठीचा आधार घेत त्यांनी आधी चौकट पाहिली, मग आडवं दार पाहिलं, आणि त्यांचं तोंड एकदम उजळलं.

"शाब्बास रं माझ्या वाघा! रातभर माझ्या डोळ्याला डोळा न्हाई. म्हनलं, धाकटा दारामागं कोंडून घ्यायला लागला, आता देवाला काय तोंड दावू? आन ह्यानं माज्या पायाआधी काम उरकलं!"

कारभाऱ्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग म्हणाले, "हां."

त्या एका 'हां'वर पुढची सगळी दुपार गेली.

"म्हणजे हे धर्माचं आहे होय?" मेरीबाईंना जरा हायसं वाटलं. वेडे लोक नाहीत, भाविक आहेत. पण ते हायसं वाटणं फार टिकलं नाही. "पण आजी, घर अजून माझं आहे. विसारसुद्धा झाला नाही."

"तेच म्हणतोय मी," कानिफ म्हणाला. "दादा, दुसऱ्याच्या घराचं दार आपण कसं काढायचं? आणि आये, माळीवाड्याच्या खोलीला आहेच की दार. तेव्हा कुठं देव कोपला?"

"ती खोली तुजी हाय का? भाड्याची. पाप असलं तर घरमालकाच्या माथ्याव."

कानिफ विचारात पडला. शेवटी बोलणाऱ्याचं त्याला नेहमीच पटायचं. ऑफिसात साहेब त्याच्यावर खूश असायचे ते यामुळंच. "तसं पाहिलं तर आई म्हणते त्यातही…"

"त्यातही काय?" मेरीबाईंनी विचारलं.

"नाही, म्हणजे तुमचंही बरोबर आहे."

राहीबाई व्हरांड्याच्या पायरीवर टेकल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस गाव सोडून गेला म्हणून देव त्याला सोडत नाही. कानिफ नगरात राहो नाहीतर विलायतेत, तो शिंगणापूरचा. स्वतःच्या घराला दार लावलं की देवाला सांगितल्यासारखं झालं, की बाबा रे, तुझ्यावर आता भरवसा नाही.

"माझंही साधं आहे," मेरीबाई म्हणाल्या. आवाज मऊच होता, पण प्राथमिक शाळेत तीस वर्षं पोरं सांभाळलेला होता. "गुरुजी गेले, आता मुलगा, दानीएल, पुण्याला बोलावतोय. मी जाणार. पण जाताना मनात असं हवं, की आपलं घर जसंच्या तसं आहे, त्यात कुणीतरी चूल पेटवतंय. गुरुजींनी हे दार वर्षभर रंध्यानं घासलं आहे. ज्यांना ते दार नको, त्यांना मी घर देणार नाही. राहुरीचे एक डॉक्टर बघून गेलेत. त्यांना कळवते."

"कळवा की," राहीबाई म्हणाल्या. "उसाचा पैका देवाच्या रानातला हाय. दाराच्या घरात त्यो जायाचा न्हाई."

झालं. इकडून नाही, तिकडूनही नाही. रतन पातेलं हातात धरून उन्हात उभी होती. शिरा गार होत होता. तिला कुणी काही विचारलं नव्हतं आणि विचारणारही नव्हतं. राहुरीच्या डॉक्टरीणबाई या कडीला हात लावतील, एवढंच तिला दिसत होतं.

थोरली जाऊ चांगुणा मात्र मगाचपासून दिसत नव्हती. टांग्यातून उतरल्या उतरल्या "आत्याबाई म्हनत्यात तेच खरं हाय" एवढं म्हणून ती घर बघायला आत गेली होती. आता ती बाहेर आली ती चेहरा जरा वेगळाच घेऊन.

"मागलं दार हाय की अजून," ती म्हणाली. "मोरीलाबी हाय. कडी लागती. मी आत जाऊन लावली." मग सासूकडं न पाहता, "लई शांत वाटतंय आत," असं पदराशी चाळा करत पुटपुटली.

"तू कशाला लावलीस?" राहीबाई कडाडल्या.

"बगायला वो."

"काय बगायला?"

वीस वर्षांत मोरीत घाई न करता बसली, असा हा चांगुणाचा पहिलाच दिवस होता. पण असलं काही सासूला कसं सांगणार?

कानिफ मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडला. "दादा, पुढचं काढलं आणि मागचं ठेवलं? मोरीचंही ठेवलं? देवाला पुढचंच दार चालत नाही का?"

सगळे कारभाऱ्यांकडं वळले.

"काढनारच हुतो," कारभारी म्हणाले. फेट्याखाली घाम आला होता. जानेवारीचं ऊन इतकं नव्हतं. "जरा दम तर घ्यू द्या मानसाला."

रतन पातेलं ठेवायला सावलीत गेली. ठेवायला जागा दारच होतं. तिनं हुरड्याचं गाठोडं एका कडेला सरकवलं, पातेलं टेकवलं, आणि वाकलेलीच राहिली.

दाराच्या कडेतून कुलपाची जीभ बाहेर आलेली होती.

तिला आधी अर्थ लागला नाही. मग लागला. दार किल्लीनं उघडून मग काढलं असतं, तर जीभ आत गेलेली असती. हे दार बंदच होतं, बंद असतानाच उपसलेलं. बिजागऱ्या व्हरांड्याच्या अंगाला, त्यांचे खिळे खालून ठोकून वर काढले की झालं. आणि किल्लीच्या भोकाभोवतीच्या पितळेवर ओरखडेच ओरखडे, ताजे, कोवळ्या सोन्यासारखे चमकणारे. कुणीतरी पुष्कळ वेळ धडपडलं होतं.

देवाधर्माचा काही संबंधच नव्हता. थोरल्या दिरांना कुलूप उघडता आलं नव्हतं.

तिला हसू फुटणार होतं. एवढं सांगितलं की संपलं. सासूची सगळी बाजू कोसळेल. 'आत्याबाई, देवानं नाही हो, दादांना किल्ली फिरवता आली नाही.' बस्स. घर आपलं. तिनं मान वळवून पाहिलं. कारभारी एकटेच बुंध्याला टेकून उभे होते. कोपरीच्या खिशावर हात दाबून. खिशात किल्ली असणार.

पण थोरल्या दिराशी रतन बोलत नसे. भांडण म्हणून नाही. त्यांच्याकडं रीतच ती. पदर पुढं ओढायचा, पान वाढायचं, आणि काही सांगायचं झालं तर पोरांना सांगायचं, नाहीतर भिंतीला. बारा वर्षांत तिनं त्यांच्याशी एक शब्द समोरासमोर बोललेला नव्हता.

तिनं पदर पुढं ओढला आणि शेळी हाकलून आलेल्या सुताराला हाक मारली. आवाज बुंध्यापर्यंत जाईल इतकाच ठेवला, व्हरांड्यापर्यंत नाही.

"सहादेवभाऊ, हे कुलूप फार खोडीचं आहे बरं का. मी पहिल्यांदा आले तेव्हा मलाही उघडलं नाही. घाम फुटला नुसता. शेवटी मेरीबाईंनी दाखवलं. दार आपल्याकडं ओढून धरायचं आणि मग किल्लीला दोन वेढे. न दाखवता कुणालाच येत नाही ते."

हे साफ खोटं होतं. तिनं त्या कुलपाला कधी किल्ली लावलीच नव्हती. मेरीबाई उघडताना फक्त पाहिलं होतं.

"तेच की!" सहादेवचा जीव भांड्यात पडला. "आमीबी सकाळी हिकडं फिरीव, तिकडं फिरीव…"

कारभारी खाकरले.

कारभाऱ्यांना लोंबतं कुलूप माहीत होतं. साखर कारखान्याच्या गोदामाला पाहिलं होतं. इथं काही लोंबतच नव्हतं, नुसतं एक भोक. त्यांनी किल्ली उजवीकडं फिरवली, डावीकडं फिरवली, उपसली, पुसली, परत घातली. मग सहादेवनं घातली. तेवढ्यात रस्त्यावरून सायकलवर जाणारा एक चष्मेवाला थांबला. "कोण पाहिजे?" त्यानं विचारलं. "काय चाललंय?" काही वाईट बोलला नाही तो. पण ज्या नजरेनं त्यानं फेट्याकडं, पेटीकडं आणि कुलपाकडं पाहिलं, ती नजर कारभाऱ्यांनी आयुष्यात स्वतःवर कधी घेतली नव्हती. ज्या गावात कुलूप नाही, त्या गावच्या माणसाला चोर समजलं जाणं म्हणजे काय, हे त्यांना त्या व्हरांड्यात उभ्या उभ्या कळलं. चष्मेवाला गेला, आणि ते सहादेवला म्हणाले, "काढ दार." बंद दाराशी उभा राहिलेला माणूस चोर दिसतो. दारच नसलं तर कसला चोर? त्या घडीला त्यांना हे अगदी बरोबर वाटलं होतं.

मग आई आली आणि तिनं त्यांच्या फजितीला देवाचं नाव दिलं. नवा सदरा घालावा तसं त्यांनी ते घालून घेतलं. आता त्या सदऱ्यापायी धाकट्याचं घर चाललं होतं. आणि धाकट्याची बायको, सगळं समजून, पदराआड उभी राहून त्यांची बटणं लावून देत होती.

ते व्हरांड्याशी गेले.

"आये, देवाचं काय मधी न्हाई."

"काय म्हनतूस?"

"मला कुलूप उगडलं न्हाई. म्हनून दार काढलं. देवापायी न्हाई काढलं."

चांगुणानं पदर तोंडाला लावला, पण हसली नाही. कानिफ म्हणाला, "म्हणजे मगाशी तू 'हां' का म्हणालास?"

राहीबाई मात्र क्षणभरच गडबडल्या. "उगडलं न्हाई, म्हंजे देवानंच उगडू दिलं न्हाई!"

"हे खरं असू शकतं," कानिफ म्हणाला.

"तू गप," असं त्याला या वेळी चक्क चांगुणा म्हणाली. नवऱ्याची मान खाली गेलेली तिनं पाहिली होती, आणि तिला आता कुणाचीच भीती वाटत नव्हती. "आत्याबाई, मंग मेरीबाईला कसं उगडतंय रोज?"

"तिचा देव येगळा."

"मंग ह्या आवाराची राखन त्याच्याकडं आसंल. आपल्या देवाला तेवढीच उसंत."

"आमचा देव राखतो," मेरीबाई म्हणाल्या, "पण कुलूप लावायला त्यानं कधी मनाई केली नाही, आजी."

राहीबाई हसल्या नाहीत. काठीच्या टोकानं फरशीवर रेघा ओढत राहिल्या. मग त्यांचा आवाज आला तो वेगळाच, भांडणातला नव्हे.

"देवाचं जाऊ द्या. मी यष्टीनं आले, चालत हितपत्तुर आले, आन दार लावल्यालं आसलं, तर? भायेर हुबं ऱ्हायाचं? आपल्याच लेकाच्या दारात?"

"ठोठवायचं, आये," कानिफ म्हणाला.

"भिक्षेकऱ्यावानी?"

दार वाजवण्यात काय वाईट, हे मेरीबाईंना कधी कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं.

रतन पुढं आली. सासूशी ती बोलू शकत होती, तेवढी मुभा होती.

"आत्याबाई, तुम्ही ठोठावू नका. खाकरा. घरी पडद्याबाहेरून खाकरता तशा. मी उघडीन."

"आन तू झोपल्याली आसलीस तर?"

"तुमच्या खाकरण्यानं बारा वर्षं उठतेच आहे मी."

चांगुणाच्या तोंडावरचा पदर सुटला. राहीबाईंनी धाकट्या सुनेकडं मान वर करून पाहिलं. हा टोमणा आहे का आणखी काही, हे त्यांना नीट ठरवता आलं नाही. शेवटी हातानं झटकल्यासारखं केलं. "मला काय उमगंना बाई. तुमचं तुमी बगा. मी देवाला सांगते, पोरगं तुझ्या शिवंच्या भायेर गेलंय, जरा लांबनं नजर ठेव. त्यानं ऐकलं तर ऐकलं."

सगळ्यांनी मेरीबाईंकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता? दार आधी होतं तसं बसवा. बसलं तर घर तुमचं."

इथं एक नवीनच अडचण उघडी पडली. सहादेवनं हयातीत गावातल्या निम्म्या चौकटी केल्या होत्या, पण दार बसवण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. "काढायचं सोपं हुतं," तो डोकं खाजवत म्हणाला. मेरीबाईंनी वेताची खुर्ची पुढं ओढून घेतली. खालून पाचर द्या, गुरुजी असंच करायचे. वरची बिजागरी आधी. हळू, रंग खरवडेल.

दोघा भावांनी दार उभं केलं. तेव्हा रतन म्हणाली, कुणालाच नाही असं, "जीभ आत गेल्याशिवाय बसायचं नाही ते."

कारभाऱ्यांनी खिशातून किल्ली काढली. भोकात घातली. आणि तिच्याकडं वळले. नजर दारावरच होती, पण शब्द सरळ तिला होते.

"पोरी, किती येढे म्हनलीस?"

कानिफच्या हातातलं दार जरा कललं. राहीबाईंची काठी थांबली.

"दोन," रतन म्हणाली.

त्यांनी दोन वेढे दिले. खट् करून जीभ आत गेली. कारभारी किल्लीकडं पाहत राहिले. मग कारण नसताना त्यांनी ती उलट फिरवून जीभ बाहेर काढली आणि पुन्हा आत घातली.

दार बसलं. खालून थोडं घासत होतं, मेरीबाई म्हणाल्या की ते आधीपासूनच घासायचं. "रतनबाई, आत जाऊन कडी लावून बघा. लागली की आत बसून विसार घेते."

रतन आत गेली. दार ओढलं. कडी लावली.

काळ्या कागदांमुळं खोलीत दिवसाचा अंधार होता. घड्याळ टिकटिकत होतं. फरशीवर अर्धी खाल्लेली लाल पताका पडली होती. रतन दाराला टेकून उभी राहिली. या वेळेची तिनं इतकी वाट पाहिली होती, की आता ती आल्यावर काय करायचं असतं तेच तिला आठवेना. हसायचं? रडायचं? तिनं नुसताच डोक्यावरचा पदर खाली घेतला. कुणी पाहत नव्हतं. मग परत घेतला. मग पुन्हा खाली.

बाहेर काहीच आवाज नव्हता. कुणी दार वाजवलं नाही, कुणी हाक मारली नाही. थोड्या वेळानं तिला भलतंच वाटायला लागलं. गेले की काय सगळे? रागावून? सासूनं पुन्हा मन फिरवलं का? तिनं कडी काढली आणि बोटभर फट केली.

कुणी गेलं नव्हतं. राहीबाई आणि चांगुणा पायरीवर बसून हुरडा निवडत होत्या. मेरीबाई खुर्चीत, कानिफ विहिरीपाशी. आणि दारासमोर, दार उघडेल एवढी जागा सोडून, फरशीवर मांडी घालून, कारभारी बसले होते. दाराकडं पाठ. नजर फाटकाकडं, रस्त्याकडं. फेटा नीट, पाठ ताठ, ओट्यावर बसायचे तसेच.

रतनच्या हातातली कडी तशीच राहिली. लुगड्याच्या पडद्यातून तिला नेहमी हीच पाठ दिसायची. पहिलटकरीण होती तेव्हा, ताप आला होता तेव्हा, नहाणीत केसांवरून पाणी ओतताना. माणसं ओट्यापाशी यायची आणि ती पाठ पाहून परत फिरायची. परत फिरायची, हे तिला आता आठवलं. तेव्हा दिसलं होतं, पण पाहिलं नव्हतं.

तिनं दार पूर्ण उघडलं. ते खालून घासलं. कारभाऱ्यांनी वळून पाहिलं नाही. घरातलं माणूस बाहेर येतंय की नाही हे त्यांनी कधीच वळून पाहिलं नव्हतं.

"दादा," रतन म्हणाली. पदर डोक्यावर घ्यायचा राहून गेला होता. "आत या."

ते उठले. धोतर झटकलं. दार सताड उघडं होतं, समोर ती उभी होती, तरी उंबऱ्याशी येऊन ते आधी खाकरले.